वेब सर्व्हरसाठी स्वतःचे मॉड्यूल लिहिताना येणाऱ्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे अपाचे एचटीटीपी सर्व्हरची 2.4 ही शाखा आणि एंजिनएक्स या दोन सर्व्हरांसाठी सी भाषेत मॉड्यूल लिहिणाऱ्यांसाठी आहेत. वाचकाला सी येते, कॉन्फिगरेशन फाइल वाचता येते आणि लिनक्सच्या टर्मिनलची सवय आहे, असे गृहीत धरले आहे. मॉड्यूल सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत चालत असल्यामुळे त्यातील चूक बाहेरून सर्व्हरचीच चूक वाटते. म्हणून बहुतेक उत्तरांत दोन गोष्टींची तपासणी पुन्हा पुन्हा येईल : सर्व्हर आपला कोड नेमका कोणत्या टप्प्यावर बोलावतो, आणि आपण घेतलेली मेमरी किती काळ टिकणार आहे.

मॉड्यूल विनातक्रार कंपाइल होते, पण अपाचे सुरू होताना ते 'गार्बल्ड' असल्याचे सांगून थांबतो. याचा अर्थ काय?

प्रत्येक मॉड्यूलच्या मुख्य स्ट्रक्चरमध्ये एक ओळखखूण असते आणि मॉड्यूल लोड करताना अपाचे सर्वप्रथम तीच तपासतो. 2.4 साठी ही खूण षोडशमान (हेक्स) पद्धतीत 41503234 आहे. हे आकडे जोडीजोडीने अक्षरसंकेत म्हणून वाचले, तर ए, पी, 2, 4 असे निघतात. संदेशात 'अपेक्षित' आणि 'आढळलेली' अशा दोन्ही खुणा छापलेल्या असतात, त्यामुळे आढळलेली खूण 41503232 असेल तर मॉड्यूल 2.2 च्या हेडर फाइलींवर बांधले गेले आहे, हे वेगळे शोधावे लागत नाही. आढळलेला आकडा पूर्णपणे निरर्थक असेल, तर 'लोडमॉड्यूल' ओळीत दिलेले नाव मॉड्यूलच्या स्ट्रक्चरऐवजी दुसऱ्याच कशाचे तरी आहे, असे समजावे.

जुन्या हेडरचा प्रश्न सहसा एकाच यंत्रावर दोन अपाचे असल्याने उद्भवतो : एक वितरणाच्या पॅकेजमधून आलेला आणि दुसरा कोणीतरी स्रोतापासून बांधलेला. 'एपीएक्सएस' हे बांधणीचे साधन एकाचे आणि चालणारा सर्व्हर दुसऱ्याचा, असे झाले की हा घोळ अटळ असतो. 'एपीएक्सएस'ला क्यू या पर्यायाने हेडरची डिरेक्टरी विचारावी, सर्व्हरला कॅपिटल व्ही देऊन त्याचा मूळ मार्ग विचारावा आणि दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे.

या खुणेनंतर तारखेसारखा दिसणारा आणखी एक क्रमांक तपासला जातो. 2.2 साठी तो 20051115 होता, 2.4 साठी 20120211 आहे. 2.4 च्या संपूर्ण शाखेत हा मुख्य क्रमांक बदललेला नाही, त्यामुळे 2.4 वर बांधलेले मॉड्यूल त्याच शाखेच्या पुढच्या आवृत्तीवर पुन्हा न बांधता चालते. उलट दिशेने मात्र खात्री नसते. नव्या 2.4 मध्ये आलेले एखादे फंक्शन वापरले असेल, तर जुन्या 2.4 वर ते मॉड्यूल 'अनडिफाइन्ड सिंबॉल' असे सांगून लोड होण्यास नकार देईल.

एंजिनएक्स माझे मॉड्यूल 'बायनरी कम्पॅटिबल' नाही असे म्हणतो, मात्र आवृत्ती तर तीच आहे. मग चूक कुठे आहे?

एंजिनएक्समध्ये डायनॅमिक मॉड्यूलची सोय 2016 साली 1.9.11 या आवृत्तीपासून आली आणि तिची तपासणी अपाचेपेक्षा बरीच काटेकोर आहे. आधी आवृत्ती पाहिली जाते. 1018000 असा आकडा दिसला तर तो 1.18.0 समजावा. हा आकडा तंतोतंत जुळावा लागतो, म्हणून सर्व्हरची आवृत्ती थोडी जरी वाढली तरी मॉड्यूल पुन्हा बांधणे भागच असते. आवृत्ती जुळल्यानंतर बांधणीचे पर्याय ज्यात नोंदलेले असतात ती सही पाहिली जाते, आणि तुम्हाला आलेला संदेश याच दुसऱ्या पायरीचा आहे.

चालू सर्व्हरला कॅपिटल व्ही दिला की त्याच्या बांधणीचे सर्व पर्याय छापले जातात. तेच पर्याय जसेच्या तसे घेऊन, त्यांत आपल्या मॉड्यूलची भर घालून बांधणी करणे हा खात्रीचा मार्ग आहे. 1.11.5 पासून 'विथ-कम्पॅट' हा पर्याय उपलब्ध आहे आणि तो दोन्ही बाजूंना दिलेला असेल तर बाकीच्या बहुतेक पर्यायांतील फरक आड येत नाही. सर्व्हर वितरणाच्या पॅकेजमधला असेल, तर मॉड्यूलही त्याच पॅकेजच्या स्रोतावर बांधावे, कारण पॅकेज करणारे कधीकधी स्वतःचे बदल त्यात घालतात.

'अनडिफाइन्ड सिंबॉल' ही त्रुटी कंपाइल करताना न येता लोड करताना का येते?

मॉड्यूल ही शेअर्ड लायब्ररी असल्यामुळे तिच्यात न सापडलेली नावे लिंकर मुकाट्याने पुढे जाऊ देतो, कारण ती सर्व्हर पुरवील असे गृहीत धरलेले असते. दोन्ही सर्व्हर मॉड्यूल उघडताना सर्व नावे तत्काळ जुळवून घेतात, त्यामुळे उणीव सुरुवातीलाच उघड होते. ग्राहकाची रिक्वेस्ट आल्यावर ती उघड होण्यापेक्षा हे कितीतरी बरे. तयार एसओ फाइलवर 'एलडीडी' हा आदेश चालवून आपण वापरलेली बाहेरची लायब्ररी यादीत आहे का ते पाहावे. नसेल तर बांधताना ती जोडायची राहिली आहे. मॉड्यूल सी प्लस प्लसमध्ये असेल, तर सर्व्हरशी किंवा सी लायब्ररीशी देवाणघेवाण होणारी फंक्शने 'एक्स्टर्न सी' खाली घोषित आहेत ना, हेही तपासावे.

न सापडलेले नाव दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलचे असेल, तर लोड होण्याचा क्रम बदलून ते तात्पुरते चालते, पण ते दुसरे मॉड्यूल काढले की सर्व्हरच सुरू होत नाही. अपाचेमध्ये यासाठी 'ऑप्शनल फंक्शन'ची सोय आहे. एक मॉड्यूल फंक्शन नोंदवते, दुसरे ते चालण्याच्या वेळी मागून घेते, आणि ते मिळाले नाही तर शून्य पॉइंटर पाहून गप्प बसते.

याच संदर्भात एक धोका फारसा कोणी सांगत नाही. दोन्ही सर्व्हर मॉड्यूलमधील नावे संपूर्ण प्रोसेसला दिसतील अशा पद्धतीने ती उघडतात. त्यामुळे दोन वेगळ्या मॉड्यूलांमध्ये 'पार्स_लाइन' नावाचे एकेक साधे फंक्शन असेल, तर नंतर लोड झालेले मॉड्यूल आपले समजून पहिल्याचेच फंक्शन बोलावू शकते. त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त वागणूक विचित्र होते. फाइलपुरती असलेली प्रत्येक गोष्ट 'स्टॅटिक' म्हणून घोषित करावी आणि जी उघडी ठेवावीच लागतात त्यांच्या नावाला मॉड्यूलचा उपसर्ग लावावा.

फाइलवर सर्व परवानग्या आहेत, सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो, तरीही 'परमिशन डिनाइड' का?

रेड हॅटच्या कुटुंबातील वितरणांवर हे बहुधा एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचे काम असते. होम डिरेक्टरीत बांधलेली फाइल 'एमव्ही'ने हलवली की तिचे जुने लेबल तिच्यासोबत येते. ऑडिट लॉगमध्ये नकाराची नोंद सापडेल. 'रिस्टोअरकॉन' चालवून लेबल दुरुस्त करावे. मॉड्यूल लोड होऊनही बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करू शकत नसेल, तर अपाचेला नेटवर्कवर जाऊ देणारे बूलियन बंद असण्याची शक्यता मोठी आहे. संपूर्ण एसईलिनक्स बंद करणे हा उपाय नव्हे.

मॉड्यूल लोड होते, पण माझा हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारे फंक्शन) बोलावलाच जात नाही. शोध कुठून सुरू करावा?

अपाचेमध्ये आधी कॅपिटल एमने लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी काढावी. नाव तिथे असेल तर पुढचा प्रश्न हँडलरच्या पहिल्या दोन ओळींचा. रिक्वेस्टमधील हँडलरचे नाव आपल्या नावाशी जुळत नसेल तर 'डिक्लाइन्ड' परत करावे, असा संकेत आहे आणि तुलना अक्षरशः होते. कॉन्फिगरेशनमध्ये 'सेटहँडलर'ला दिलेले नाव आणि कोडमधील नाव यांत एका जोडचिन्हाचा फरक असला तरी हँडलर प्रत्येक वेळी बाजूला होतो, मग पाळी मूळ हँडलरवर येते आणि तो त्या मार्गावर फाइल न सापडल्यामुळे 404 देतो. म्हणजे अनपेक्षित 404 दिसला तर आपला हँडलर चालला नाही असा निष्कर्ष काढण्याआधी तो चालून बाजूला तर झाला नाही ना, हे पाहावे. हँडलरच्या अगदी पहिल्या ओळीत, नावाच्या तुलनेच्याही आधी, एक लॉगची ओळ घालून हा संशय क्षणात फिटतो. 2.4 मध्ये लॉगची पातळी मॉड्यूलनिहाय ठरवता येते आणि ट्रेस 1 ते ट्रेस 8 अशा आठ खोल पातळ्या आहेत, त्यामुळे उरलेल्या सर्व्हरचा गोंगाट न वाढवता फक्त आपल्या मॉड्यूलचे सविस्तर लॉग पाहता येतात.

हँडलर खरोखरच बोलावला जात नसेल, तर त्याच्या आधी नोंदवलेल्या एखाद्या मॉड्यूलने रिक्वेस्ट निकालात काढलेली असते. 'मॉड_इन्फो' सुरू करून त्याच्या पत्त्यापुढे 'हुक्स' असे विचारले, तर कोणत्या हुकवर (मॉड्यूलला बोलावण्याच्या ठरलेल्या टप्प्यावर) कोणती मॉड्यूले कोणत्या क्रमाने बसली आहेत ते पानावर दिसते. तो तक्ता पाहून क्रम ठरवावा. सरसकट 'रिअली फर्स्ट' लावण्याची सवय मात्र वाईट, कारण दुसऱ्या मॉड्यूलनेही तेच केले की पुन्हा पहिला प्रश्न उरतो.

एंजिनएक्समध्ये कारणे वेगळी असतात. तिथे मजकूर तयार करणारा हँडलर दोन प्रकारे बसवता येतो : लोकेशनपुरता एकच, किंवा कंटेंट टप्प्याच्या सर्वसाधारण यादीत. ज्या लोकेशनला स्वतःचा हँडलर आहे, उदाहरणार्थ जिथे 'प्रॉक्सी_पास' लिहिले आहे, तिथे ही सर्वसाधारण यादी पाहिलीच जात नाही. दुसरी फसगत चाचणी करताना होते. ॲक्सेस टप्प्यातील मॉड्यूल तपासण्यासाठी सोपे म्हणून त्याच लोकेशनमध्ये 'रिटर्न 200' लिहिले जाते. पण 'रिटर्न' हे रीराइट टप्प्यात चालते, तो टप्पा ॲक्सेसच्या आधी येतो, आणि रिक्वेस्ट तिथेच संपते. चाचणीसाठी एक खरी छोटी फाइल ठेवावी.

माझे उत्तर ब्राउझरला बरोबर पोहोचते, पण त्याच्या शेवटी '200 ओके' अशा शीर्षकाचे त्रुटीचे पान चिकटलेले असते. हे कुठून येते?

हँडलरने 'ओके' ऐवजी 'एचटीटीपी_ओके' परत केले आहे. अपाचेच्या अंतर्गत व्यवहारात 'ओके'ची किंमत 0 आहे आणि तिचा अर्थ 'काम मी पूर्ण केले' असा होतो. 0 शिवाय दुसरा कोणताही एचटीटीपी क्रमांक परत आला, तर सर्व्हर त्याला त्रुटी मानून त्या क्रमांकाचे तयार पान पाठवतो, मग तो क्रमांक 200 का असेना. प्रत्यक्ष स्थितीक्रमांक बदलायचा असेल, तर तो रिक्वेस्टच्या 'स्टेटस' या घटकात लिहावा आणि परत मात्र 'ओके'च करावे.

सुरुवातीला चालणारे माझे फंक्शन दोनदा का चालते?

अपाचे सुरू होताना कॉन्फिगरेशन दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत ते बरोबर आहे का हे पाहिले जाते आणि दुसऱ्या फेरीत ते खरे वापरले जाते, त्यामुळे 'पोस्ट_कॉन्फिग' हुकही दोनदा चालतो. यावर स्टॅटिक मोजणी ठेवण्याचा उपाय सुचतो, पण तो फसतो, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये मॉड्यूल मेमरीतून काढून पुन्हा लोड केले जाते आणि मोजणी शून्यावर येते. 2.4 मध्ये 'एपी_स्टेट_क्वेरी' या फंक्शनला सर्व्हरची अवस्था विचारावी, आणि ती पूर्वतपासणीची असेल तर लगेच 'ओके' देऊन परतावे.

दुसरीही एक खबरदारी येथेच घ्यावी. 'पोस्ट_कॉन्फिग' मूळ प्रोसेसमध्ये चालते आणि त्यानंतर मुले, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या चाइल्ड प्रोसेस, जन्माला येतात. तिथे डेटाबेसची जोडणी उघडली, तर सर्व मुले एकाच सॉकेटवर बोलू लागतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडते. अशा जोडण्या 'चाइल्ड_इनिट' मध्ये उघडाव्यात. सामायिक मेमरी आणि प्रोसेसांमधली कुलुपे मात्र मूळ प्रोसेसमध्येच तयार करावीत.

कॉन्फिगरेशनमध्ये माझी डायरेक्टिव्ह एकदाच लिहिली आहे, तरी एंजिनएक्स 'इज ड्युप्लिकेट' म्हणतो. का?

एंजिनएक्सची तयार फंक्शने संबंधित घटकात 'अनसेट' ही विशिष्ट किंमत आहे का ते पाहतात. नसेल तर ती आधीच कोणीतरी भरली, असा अर्थ घेतात. 'पीकॅलॉक' ने मेमरी घेतली की सर्व घटक 0 होतात, आणि 0 म्हणजे 'अनसेट' नव्हे. कॉन्फिगरेशन तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये आकडे आणि चालू-बंद अशा घटकांना 'एनजीएक्स_कॉन्फ_अनसेट' ही किंमत हाताने द्यावी. स्ट्रिंगच्या बाबतीत शून्य पॉइंटरच 'अनसेट' मानला जातो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही आणि नेमके त्यामुळेच कारण लवकर लक्षात येत नाही.

अपाचेमध्ये याचीच बहीण शोभेल अशी तक्रार असते : मुख्य सर्व्हरवर दिलेली सेटिंग व्हर्च्युअल होस्टमध्ये नाहीशी होते. एकत्रीकरणाचे फंक्शन दिले नसेल, तर होस्टमध्ये आपल्या मॉड्यूलची एक जरी डायरेक्टिव्ह आली तरी मुख्य सर्व्हरच्या सर्व किमती बाद होतात. फंक्शन लिहिताना 'दिलेले नाही' आणि 'बंद केले' या दोन अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी -1 ही सुरुवातीची किंमत सोयीची पडते. एकत्र केलेले उत्तर नव्या स्ट्रक्चरमध्ये लिहावे. जुन्यात लिहिले तर एका रिक्वेस्टचा परिणाम पुढच्या सर्वांवर होतो.

लॉगमध्ये 'सेगमेंटेशन फॉल्ट (11)' एवढेच दिसते. नेमकी ओळ कशी शोधावी?

मॉड्यूल आधी डीबगची माहिती ठेवून आणि ऑप्टिमायझेशन बंद करून पुन्हा बांधावे. चूक हमखास घडवता येत असेल, तर कोअर फाइलच्या मागे लागण्याची गरज नसते. अपाचेला कॅपिटल एक्स देऊन जीडीबी या डीबगरखाली सुरू करावे, म्हणजे तो मुले न जन्माला घालता एकाच प्रोसेसमध्ये चालतो. एंजिनएक्समध्ये 'डीमन ऑफ' आणि 'मास्टर_प्रोसेस ऑफ' या दोन ओळी तेच काम करतात. ब्रेकपॉइंट लावताना मॉड्यूल अजून लोड झालेले नसते, त्यामुळे जीडीबी तो प्रलंबित ठेवू का असे विचारतो, होकार द्यावा.

चूक क्वचितच घडत असेल तर कोअर फाइल मिळवावी लागते आणि इथेच बराच वेळ वाया जातो, कारण अडथळे एकाहून अधिक असतात. अपाचेची 'कोअरडंपडिरेक्टरी' ज्या वापरकर्त्याखाली मुले चालतात त्याला लिहिता येईल अशी असावी. सिस्टमडी सर्व्हर सुरू करत असेल, तर शेलमध्ये दिलेली 'यूलिमिट' त्याला लागू होत नाही, युनिट फाइलमध्ये 'लिमिटकोअर' द्यावे लागते, आणि फाइल अपेक्षित जागी न पडता 'कोअरडंपसीटीएल' कडे जमा झालेली असू शकते. एंजिनएक्ससाठी 'वर्कर_आरलिमिट_कोअर' आणि 'वर्किंग_डिरेक्टरी' या दोन डायरेक्टिव्ह आहेत.

कोअर उघडल्यावर 'बीटी फुल' देऊन आधी पत्त्यांकडे पाहावे. कोडच्या ओळींपेक्षा ते पुष्कळदा जास्त बोलतात. पत्ता 0 असेल तर पॉइंटर भरलाच नाही. पत्ता 24 किंवा 56 असा अगदी लहान असेल, तर शून्य पॉइंटरच्या स्ट्रक्चरमधील एखादा घटक वाचला गेला आहे. पत्त्याच्या जागी 70747468 असे काही दिसले, तर तो मुळात पत्ताच नाही : इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर बाइट उलट क्रमाने ठेवलेले असतात, म्हणून ते 68, 74, 74, 70 असे वाचावे, आणि ही एच, टी, टी, पी ही अक्षरे आहेत. म्हणजे एखादा यूआरएल आपल्या बफरच्या बाहेर सांडून शेजारच्या पॉइंटरवर लिहिला गेला. अशा वेळी कोसळलेल्या ओळीत दोष शोधू नये, त्या पॉइंटरच्या शेजारी कोणता बफर आहे तो शोधावा.

अपाचेच्या स्रोतासोबत जीडीबीसाठी तयार आदेशांची फाइल येते. त्यातील 'डंप_टेबल' ने हेडर आणि 'डंप_ब्रिगेड' ने बकेटांची, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांची, साखळी वाचनीय स्वरूपात छापली जाते. हाताने पॉइंटर उलगडत बसण्यापेक्षा ती फाइल आधी जीडीबीत घ्यावी. बफर ओलांडण्याचा संशय असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर उत्तम, मात्र त्याचा रनटाइम प्रोसेसमध्ये सर्वांत आधी यावा लागतो, म्हणून शक्य असल्यास सर्व्हरही त्याच्यासह बांधावा.

सर्व्हरची मेमरी हळूहळू वाढत राहते. मेमरी तपासणारा व्हॅलग्रिंड मात्र गळती नाही म्हणतो. कोणावर विश्वास ठेवावा?

दोघेही खरे असू शकतात. दोन्ही सर्व्हरांत मेमरी पूलमधून (एकत्र राखलेल्या साठ्यातून) घेतली जाते, आणि पूल संपला की ती एकदम परत जाते. तोवर एकेक तुकडा परत करण्याची सोय अपाचेच्या पूलमध्ये नाही. एंजिनएक्समध्येही ती केवळ मोठ्या तुकड्यांपुरती आहे. म्हणून चुकीच्या पूलमधून घेतलेली मेमरी व्हॅलग्रिंडच्या हिशेबाने गळती ठरत नाही, कारण शेवटी पूल नष्ट होताना ती परत जातेच. फक्त तो शेवट सर्व्हर बंद होतानाच येत असेल, तर उपयोग शून्य.

प्रत्येक वाटपापाशी ही मेमरी किती काळची आहे हे विचारावे. रिक्वेस्टपुरती असेल तर रिक्वेस्टचा पूल. कनेक्शनच्या पूलमध्ये ठेवलेली गोष्ट कीप-अलाइव्हवर येणाऱ्या सर्व रिक्वेस्टभर राहते. कॉन्फिगरेशनचा पूल चालू रिक्वेस्टमध्ये वापरणे दुहेरी चूक आहे : मेमरी पुढच्या रीस्टार्टपर्यंत परत येत नाही, आणि पूल थ्रेडसुरक्षित नसल्याने दोन थ्रेडांनी एकाच वेळी त्यातून घेतले तर पूलच बिघडतो. रिक्वेस्टचा पूलही मोठ्या लूपमध्ये फुगतो. दहा हजार ओळी वाचताना प्रत्येक ओळीसाठी 'एपीआर_पीएसप्रिंटएफ' बोलावले, तर त्या सर्व ओळी रिक्वेस्ट संपेपर्यंत पडून राहतात. लूपच्या बाहेर एक उपपूल तयार करावा आणि प्रत्येक फेरीला तो रिकामा करावा.

उलट दिशेची चूक गळतीपेक्षा घातक असते : मेमरी लवकर गेली, पॉइंटर मात्र उरला. 'एपीआर_टेबल_सेट' किमतीची प्रत करून ठेवते, तर शेवटी एन असलेले तिचे भावंड केवळ पॉइंटर ठेवते. स्टॅकवरचा बफर या दुसऱ्या फंक्शनला दिला, की हेडरमध्ये कधी बरोबर मजकूर तर कधी कचरा दिसतो. अपाचे ज्यावर उभा आहे ती एपीआर लायब्ररी पूल डीबगच्या पर्यायासह बांधली, तर प्रत्येक वाटप स्वतंत्र होते आणि मग व्हॅलग्रिंडलाही असे सगळे दिसू लागते.

वाढ ही गळतीच आहे का, हेही आधी पडताळावे. 'एबी' या भार-चाचणीच्या साधनाने सतत रिक्वेस्ट पाठवून प्रोसेसची मेमरी पाहावी. काही वेळाने ती स्थिरावत असेल तर सर्व्हरने पुढच्या वापरासाठी राखून ठेवलेली मेमरी आहे, तिच्यामागे लागू नये. 'मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड' ला छोटा आकडा देऊन मुले वारंवार मारणे हा उपाय अनेक ठिकाणी दिसतो. त्याने रोग झाकला जातो, एवढेच.

प्रीफोर्कवर महिनोन् महिने चाललेले मॉड्यूल इव्हेंट एमपीएमवर का कोसळते?

एमपीएम म्हणजे रिक्वेस्ट प्रोसेस आणि थ्रेडांमध्ये कशा वाटायच्या हे ठरवणारा अपाचेचा भाग; प्रीफोर्क, वर्कर आणि इव्हेंट हे त्याचे प्रकार. प्रीफोर्कमध्ये एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच रिक्वेस्ट असते, त्यामुळे बदलता स्टॅटिक व्हेरिएबल, 'स्ट्रटोक' किंवा 'लोकलटाइम' वापरूनही काही बिघडत नाही. इव्हेंट आणि वर्करमध्ये तीच जागा अनेक थ्रेड वापरतात. 2.4 पासून जिथे प्रणाली परवानगी देते तिथे इव्हेंट हाच मूळ पर्याय असल्याने नवे मॉड्यूल पहिल्या दिवसापासून इव्हेंटवरच तपासावे. आपला कोड निर्दोष असला तरी वापरलेली बाहेरची लायब्ररी थ्रेडसुरक्षित आहे का, हेही पाहावे लागते.

एंजिनएक्समध्ये माझ्या मॉड्यूलची एक मंद रिक्वेस्ट आली की बाकीच्याही का अडकतात?

एंजिनएक्सचा एक वर्कर एकाच थ्रेडमध्ये हजारो कनेक्शने फिरवत असतो. हँडलरने डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत थांबायचे ठरवले, की ती सर्व कनेक्शने त्याच्यासोबत थांबतात. स्लीप, साधा सॉकेट, नाव शोधणारे साधे फंक्शन, ब्लॉक करणारी कोणतीही क्लायंट लायब्ररी येथे वर्ज्य समजावी. काम अपस्ट्रीमच्या (मागच्या सर्व्हरशी न थांबता बोलणाऱ्या) यंत्रणेतून करावे, टायमर वापरावा किंवा थ्रेड पूलकडे सोपवावे. यांपैकी काहीच जमत नसेल, तर ते काम वेगळ्या सेवेत ठेवून तिच्याकडे प्रॉक्सी करणे अधिक शहाणपणाचे.

एंजिनएक्समध्ये उत्तर पाठवले तरी ब्राउझर फिरतच राहतो. कधी 'रिक्वेस्ट काउंट इज झिरो' असा इशारा येतो. काय पाहावे?

ब्राउझर फिरत राहिला तर शेवटच्या बफरवर 'लास्ट_बफ' ही खूण लावली आहे का ते पाहावे. ती नसेल तर उत्तर संपले हे सर्व्हरला कळत नाही. 'झीरो साइज बफ' असा इशारा असेल, तर कोणतीही खूण नसलेला रिकामा बफर साखळीत गेला आहे.

काउंटची अडचण बहुधा रिक्वेस्टचा मजकूर वाचताना उद्भवते. मजकूर वाचणारे फंक्शन रिक्वेस्टची संदर्भसंख्या वाढवते आणि मजकूर पूर्ण आल्यावर आपले कॉलबॅक बोलावते. दरम्यान हँडलरने 'एनजीएक्स_डन' परत करायचे असते आणि कॉलबॅकच्या शेवटी रिक्वेस्ट एकदाच निकालात काढायची असते. दोन्हीकडे निकाल लावला तर संख्या वेळेआधी शून्यावर येते, कुठेच लावला नाही तर रिक्वेस्ट लोंबकळत राहते. कॉलबॅकमध्ये मजकूर कधी मेमरीत असतो तर कधी तात्पुरत्या फाइलमध्ये, हेही विसरू नये. चाचणीचा छोटा फॉर्म व्यवस्थित चालतो आणि मोठी फाइल चढवली की मजकूर रिकामा येतो, त्याचे कारण हेच असते.

लॉगमध्ये माझ्या यूआरएलच्या पुढे नको तो मजकूर का छापला जातो?

एंजिनएक्सच्या स्ट्रिंगला लांबी असते, शेवटचा शून्य बाइट नसतो. ती सीच्या नेहमीच्या फंक्शनांना देऊ नये. लॉगमध्ये टक्के आणि कॅपिटल व्ही वापरून स्ट्रिंगचा पॉइंटर द्यावा.

माझा फिल्टर मजकूर बदलतो, पण कधी पान अर्धवट येते, कधी बदल होतच नाही. का?

पान अर्धवट येत असेल तर बदलण्याआधीची 'कंटेंट-लेंग्थ' तशीच राहिली आहे. मजकूर लांबला तरी ब्राउझर जुन्या लांबीवर थांबतो. ते हेडर काढून टाकावे; एंजिनएक्समध्ये त्यासोबत अंशतः डाउनलोडला परवानगी देणारे हेडरही काढावे.

बदल कधीकधीच होत असेल, तर शोधलेला शब्द दोन बकेटांच्या सीमेवर तुटत आहे. एका बकेटच्या शेवटी शब्दाची तीन अक्षरे आणि पुढच्याच्या सुरुवातीला उरलेली, अशी स्थिती छोट्या चाचणीपानावर कधी येत नाही. प्रत्येक बकेटच्या शेवटची, शब्दाच्या लांबीहून एक कमी एवढी अक्षरे राखून पुढच्या फेरीत जोडावी लागतात. राखलेली बकेटे पुढच्या फेरीपर्यंत जिवंत राहतील अशी बाजूला ठेवावीत; अपाचेमध्ये त्यासाठी 'एपी_सेव्ह_ब्रिगेड' आहे. शेवटाची ईओएस बकेट मात्र अडवू नये. आणि संपूर्ण उत्तर मेमरीत गोळा करून एकदाच बदलण्याचा मोह टाळावा, कारण एक मोठी फाइल त्या मार्गाने गेली की तेवढीच मेमरी लागते.

बदल कधीच होत नसेल, तर फिल्टरला दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) मजकूर मिळत आहे. अपाचेमध्ये आपला फिल्टर 'रिसोर्स' प्रकारात नोंदवावा, म्हणजे तो डिफ्लेटच्या आधी चालतो. मजकूर मागच्या सर्व्हरकडूनच दाबून येत असेल, तर त्याच्याकडे जाणाऱ्या रिक्वेस्टमधून 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' काढावे. एंजिनएक्समध्ये फिल्टर नोंदणीच्या उलट क्रमाने चालतात, हे लक्षात ठेवून क्रम लावावा.

नवी एसओ फाइल ठेवली तरी जुनाच कोड चालतो, किंवा फाइल ठेवताक्षणी सर्व्हर कोसळतो. का?

कोसळण्याचे कारण 'सीपी' आहे. ते जुनी फाइल जागच्या जागी पुसून तिच्यातच नवा मजकूर लिहिते, आणि चालू प्रोसेसने तीच फाइल मेमरीत जोडलेली असल्याने तिच्या पायाखालचा कोड बदलतो. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावाने ठेवून 'एमव्ही'ने जागी आणावी, किंवा 'इन्स्टॉल' आदेश वापरावा.

जुना कोड चालत राहण्याबाबत दोन्ही सर्व्हरांत फरक आहे. अपाचे ग्रेसफुल रीस्टार्टच्या वेळी मॉड्यूल काढून पुन्हा लोड करतो. एंजिनएक्समध्ये रीलोड होताना जुने कॉन्फिगरेशन अजून जिवंत असते, त्यामुळे त्याच मार्गावरची लायब्ररी पुन्हा मागितली की लोडर आधीचीच हाती देतो. तिथे पूर्ण रीस्टार्ट करावा किंवा यूएसआर2 सिग्नलने नवी बायनरी चढवण्याची पद्धत वापरावी.

अपाचे केवळ रीस्टार्ट होताना किंवा बंद होतानाच का कोसळतो?

मॉड्यूल मेमरीतून गेल्यानंतरही कोणीतरी त्यातील पत्त्यावर उडी मारत आहे. जीडीबीमध्ये अशा फ्रेमच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे दिसतात, तीच ओळख. मॉड्यूलने सुरू केलेला आणि न थांबवलेला थ्रेड, थ्रेडच्या खासगी डेटाचा विनाशक किंवा एखाद्या लायब्ररीने प्रोसेसच्या शेवटासाठी नोंदवलेले फंक्शन हे नेहमीचे संशयित आहेत. कॉन्फिगरेशनच्या पूलवर क्लीनअप नोंदवून त्यात थ्रेड थांबवावेत, त्यांची वाट पाहावी आणि नोंदण्या मागे घ्याव्यात. बाहेरच्या लायब्ररीवर आपला ताबाच नसेल, तर मॉड्यूल 'नोडिलीट' पर्यायाने लिंक करता येते, म्हणजे ते मेमरीतून जात नाही. त्या बदल्यात स्टॅटिक व्हेरिएबल रीस्टार्टनंतरही जुन्या किमती धरून राहतात आणि नवी एसओ फाइल पूर्ण बंद-चालू केल्याशिवाय लागू होत नाही.